किचन ट्रॉली आणि बाथरूमच्या कपाटाला टिकणारा रंग कुठला? आधी तिथला मळ बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा ना, की ठाण्याला रिसेल फ्लॅट घेतलाय, किचनच्या ट्रॉल्यांना मरून सनमायकाचे शटर आहेत, बाथरूममध्ये बेसिनखाली एक कपाट आहे त्याचा पांढरा ऑइल पेंट पिवळा पडलाय, मिस्टर म्हणतात सगळीकडे पांढरा करू, तुम्हाला नेव्ही ब्लू आवडलाय, आणि काहीही केलं तरी आठ-दहा वर्षं परत बघायला लागू नये. मी फर्निचरच्या रंगकामातच आहे, स्प्रेचं काम आमच्या वर्कशॉपमध्ये चालतं आणि जुन्या कामांच्या रिपेअरिंगला घरोघरी पण जातो, त्यामुळे रंग नवीन असताना कसा दिसतो यापेक्षा पाच-सात वर्षांनी कसा दिसतो हेच मला जास्त बघायला मिळतं. म्हणून सरळ सांगतो, किचन आणि बाथरूमला एकच रंग घेऊ नका, आणि पांढरा काय किंवा नेव्ही काय, सरसकट मारू नका.

याचं कारण मळ. लोक शेडकार्ड घेऊन बसतात, पण त्या शटरवर रोज काय उडणार आहे हे कोणी बघत नाही. किचनमध्ये उडतं ते फोडणीचं तेल, हळद, तिखट, चहा, म्हणजे सगळं पिवळं, केशरी नाहीतर तपकिरी. कढईतून तेलाची वाफ उठते ती शटरवर जाऊन बसते, हवा लागून हळूहळू घट्ट होत जाते आणि तो चिकट पिवळसर थर तयार होतो जो नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही, वर त्याच्यावर धूळ चिकटते. चिमणी असली तरी होतं, कारण आपल्याकडे चिमणी आठवते ती मोहरी तडतडून घरभर ठसका लागल्यावर. बाथरूममध्ये बरोबर उलटं. तिथे पाण्याचे शिंतोडे सुकून राहिलेले क्षार, साबणाचा थर, टूथपेस्ट, पावडर, म्हणजे सगळा मळ पांढरट. आता तुम्हीच बघा, पिवळा-तपकिरी मळ पांढऱ्यावर दिसतो आणि पांढरा मळ काळ्या-निळ्यावर दिसतो. म्हणजे मिस्टरांचा रंग किचनला वाईट आणि तुमचा रंग बाथरूमला वाईट. भांडण मिटलं.

पांढऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण निम्मे लोक तोच मागतात. पांढरा पिवळा पडण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि लोक सगळ्याला "पेंट खराब होता" म्हणतात. तुमच्या बेसिनखालच्या कपाटाचं घ्या, तो ऑइल पेंट आहे, म्हणजे इनॅमल, आणि ऑइल पेंटचा स्वभावच असा आहे की उजेड नसेल तिथे तो जास्त पिवळा पडतो. गंमत वाटेल, पण कपाटाचं दार उघडून आतली बाजू बघा, बाहेरच्यापेक्षा जास्त पिवळी असेल. त्यात अमोनिया असलेले क्लीनर वापरले की अजून लवकर. दुसरं, सुतार लोक "ड्युको" म्हणजे स्प्रेचा पेंट करतो म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ते एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज असतं, लवकर वाळतं, स्वस्तात होतं, पण उन्हाने आणि वयाने पिवळं होतंच होतं. तिसरं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. पीयू दोन डब्यांचा असतो, एक बेस आणि एक हार्डनर, आणि पांढऱ्याचं सगळं गणित त्या हार्डनरमध्ये आहे. ॲरोमॅटिक हार्डनर स्वस्त असतो आणि तो पिवळा पडतो, ॲलिफॅटिक महाग असतो, तो पिवळा पडत नाही. दुकानात "नॉन-यलोइंग" म्हणून मागायचा. काँट्रॅक्टर कोटेशनमध्ये नुसतं "पीयू पेंट" लिहून मोकळा होतो, तुम्ही त्याच्याकडून हार्डनरचं नाव लिहून घ्या आणि काम चालू असताना डबा बघा, संकोच करू नका, पैसे तुमचे जाणार आहेत.

आणि चौथं कारण हळद, त्याला कुठलाच पेंट जबाबदार नाही. हळदीचा हात हॅन्डलच्या बाजूला लागतो, रोज लागतो, आणि मॅट पांढऱ्यावर ती पिवळी झाक आत बसते. साबण लावला की तो डाग लालसर होतो, बायका घाबरून फोन करतात, घाबरायचं कारण नाही, हळदीचा रंग साबणासारख्या अल्कलीत तसाच बदलतो. तोच रंग उन्हात उडतो पण, आईच्या पदराला लागलेली हळद जशी धुऊन उन्हात टाकली की जाते तसंच. खिडकीसमोरच्या शटरवरचा डाग काही दिवसांत आपोआप फिका होतो आणि अंधाऱ्या कोपऱ्यातला तसाच राहतो. पण म्हणून कोणी दर महिन्याला शटर काढून गॅलरीत ठेवणार नाही, त्यामुळे ओट्याखालच्या ट्रॉल्या पांढऱ्या करू नका एवढंच.

वरच्या कपाटांना मात्र पांढरा किंवा पांढऱ्याच्या जवळचा रंग चालतो, नव्हे बराच चांगला. तिथे हळदीचा हात कमी लागतो आणि फ्लॅटच्या किचनला उजेड हवाच असतो. शेडकार्डच्या मागे एलआरव्ही म्हणून आकडा असतो, ० म्हणजे काळाकुट्ट आणि १०० म्हणजे उजेड पूर्ण परत फेकणारा पांढरा. खिडकी छोटी किंवा डक्टमध्ये उघडणारी असेल तर वरच्या कपाटांना ७० च्या पुढचा घ्या, खालच्यांना १५ ते ५० च्या मधला. हा काही शास्त्रातला नियम नाही, माझा हिशोब आहे, पण या पट्ट्यात घेतलेले रंग मळ पण झाकतात आणि किचन गुहेसारखं पण होत नाही. फक्त गॅसच्या बरोबर वरचं आणि बाजूचं कपाट असेल ते सोडून, तिथे सगळ्यात जास्त वाफ बसते, तिथे मी पेंटच करत नाही, काच नाहीतर स्टीलचं शटर लावा म्हणून सांगतो.

आता तुमचा नेव्ही. तो रंग उडत नाही, हे आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं गडद म्हणजे उडणार. निळ्या आणि हिरव्यात जे थॅलो म्हणतात ते पिगमेंट वापरतात ते उन्हाला चांगलं टिकतं. नेव्हीचा त्रास वेगळा आहे. त्याच्यावर पिठाची बोटं दिसतात, धूळ दिसते, ग्लॉसी असेल तर प्रत्येक चरा पांढरी रेघ होऊन दिसतो, आणि मॅट असेल तर जिथे रोज हात घासतो तिथे चकाकी येते, ती मग पुसून जात नाही कारण ती मळ नसते, पेंटच तिथे घासून पॉलिश झालेला असतो. चपात्या लाटणाऱ्या घरात ओट्याखाली नेव्ही म्हणजे दिवसातून दोनदा फडकं. ज्यांच्याकडे सगळं बाहेरून येतं त्यांनी खुशाल घ्यावा. आणि गडद रंगात एक तांत्रिक भानगड अजून, मशीनवर टिंट करताना गडद शेडला क्लिअर बेस घेतात, त्यात पांढरं पिगमेंट जवळजवळ नसतं आणि कलरंट भरपूर ओततात, आणि पाण्यावरच्या पेंटमध्ये तो पुरता सुकायच्या आधी पाणी लागलं तर ओघळाचे डाग पडतात, फडक्याला रंग पण येतो. म्हणून गडद हवाच असेल तर पीयूमध्ये घ्या आणि वरून पीयूचाच क्लिअर कोट मारून घ्या, साध्या पाण्यावरच्या इनॅमलमध्ये नको.

मग उडतात कुठले? फिका गुलाबी, लेमन यलो, लव्हेंडर, कोरल, असले गोड गोड रंग. लाल, पिवळ्या, जांभळ्या पिगमेंटमधली बरीचशी सेंद्रिय असतात, त्यातली कित्येक उन्हाला कमी टिकतात, आणि पांढऱ्यात मिसळून जितकी फिकी कराल तितकं ते लवकर जाणवतं कारण मुळात रंग थोडाच असतो. पश्चिमेची खिडकी असलेल्या किचनमध्ये एकाच ओळीतले दोन शटर वेगळे दिसायला लागतात, एक उन्हातलं आणि एक फ्रीजच्या आडोशाचं. टिकतात ते मातीतले रंग. लाल गेरू, पिवळी माती, तपकिरी, काळा, हे आयर्न ऑक्साइड नाहीतर काजळी, त्यांना ऊन काही करत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत जे लाल-पिवळे अजून दिसतात ते याच जातीचे, गेरू आणि पिवळ्या मातीचे, आणि आपण कुंड्यांना लावतो तो गेरू पण तोच. अर्थात लेण्यात कोणी मिसळाची फोडणी देत नव्हतं, पण पिगमेंटपुरतं हे खरं आहे. हिरव्यात क्रोमियम ऑक्साइडचा मळकट हिरवा असाच पक्का.

तर माझी आवड विचाराल तर किचनच्या खालच्या ट्रॉल्यांना तीन घराणी. एक, ऑलिव्ह किंवा मेंदीच्या जवळचा धुरकट हिरवा, यावर तेल, हळद, कोथिंबीर काहीही उडालं तरी संध्याकाळपर्यंत कळत नाही, रॅलच्या कार्डावर, म्हणजे प्रत्येक रंगाला ठरावीक नंबर दिलेल्या शेडकार्डावर, ६०१३ त्याच्या जवळचा. दोन, विटेसारखा नाहीतर गेरूसारखा लाल, रॅल ३००९, पण हा मघाच्या पट्ट्यापेक्षा बराच गडद आहे म्हणून सगळीकडे नको, फक्त ओट्याखाली, आणि वर क्रीम. तीन, उबदार राखाडी, म्हणजे ज्यात थोडा पिवळा-तपकिरी मिसळलेला आहे असा, रॅल ७०३२ नाहीतर १०१९. ७०३२ ला इलेक्ट्रिक पॅनेलवाले सिमेन्स ग्रे म्हणतात, नाव ऐकून नाक मुरडू नका, साटिनमध्ये म्हणजे मध्यम चकाकीत किचनला फार छान दिसतो. निळसर थंड राखाडी मात्र किचनमध्ये नको, त्याच्यावर तेलाची पिवळी झाक बसली की हिरवट, आजारी दिसतो. मागे एक काळ होता जेव्हा ज्याच्या त्याच्या घरी वाईन रेड आणि आयव्हरी ग्लॉसी, मग सगळीकडे ग्रे ग्लॉसी आलं, शोरूममध्ये जे सगळ्यात पुढे लावलेलं असतं ते सगळ्यात लवकर जुनं दिसतं हे माझं मत, पटलं तर घ्या. वास्तुवाल्यांनी आग्नेयेला लाल-केशरी सांगितलं असेल तर गेरूवर त्यांचं पण समाधान होतं, माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांच्या घरी सासूबाई आणि सूनबाई दोघी या एका शेडवर एकमत झाल्यात.

बाथरूमला फिका राखाडी, दगडी, किंवा अगदी हलका निळसर-हिरवट. रॅल ७०३५ किंवा ७०४४ बघा. क्षाराचे डाग त्यात हरवून जातात आणि केस, धूळ पण फार दिसत नाही. ठाण्यात पालिकेचं पाणी असेल तर क्षाराचा त्रास कमीच, पण उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी टाकीत मिसळत असेल तर काळ्या-निळ्या कपाटावर ठिपके बघून वैताग येईल, आणि क्षार काढायला म्हणून कोणीतरी ॲसिडचं क्लीनर मारणार आणि पेंटची वाट लागणार. टॉयलेट साफ करायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते कपाटावर उडू देऊ नका, आणि ती उघडी बाटली त्याच कपाटात ठेवू पण नका, वाफेने बिजागरं गंजतात आणि गंजाचा तपकिरी ओघळ फिक्या रंगावर उतरतो. बिजागरं आणि स्क्रू एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर किचनला पण तेच घ्यावेत, तिकडे खारी हवा रंगाच्या आधी लोखंड खाते. बाथरूममध्ये मेंदी आणि केसांचा डाय हा अजून एक प्रकार आहे, तो कुठल्याच रंगातून पूर्ण जात नाही, उडाला की लगेच पुसायचा, दुसरा उपाय नाही.

पण बाथरूममध्ये खरं मरण रंगाचं नसतं, बोर्डाचं असतं. आपण बाथरूम धुतो, पुसत नाही, बादल्या ओततो, त्यामुळे कपाट जमिनीला टेकलेलं असेल तर खालची कड पाणी पिते, फुगते, आणि फुगली की पेंट फुटणारच मग तो इटलीहून आणलेला असो. पार्टिकल बोर्ड किंवा साधा एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेला बोर्ड असेल तर त्याच्यावर पैसे घालवू नका. नवीन करताना जमिनीपासून वीतभर तरी वर भिंतीवर लटकवलेलं करा, बोर्ड पीव्हीसी-डब्ल्यूपीसीचा म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा नाहीतर ७१० ग्रेडचा मरीन प्लाय, आणि खालची कड, सिंकच्या पाइपासाठी पाडलेलं भोक, बिजागराचे खड्डे, हे सगळं आधी सीलरने बंद करायचं. रंगारी समोरची बाजू आरशासारखी करतो आणि खालच्या कडेला हात लावत नाही कारण ती तुम्हाला दिसत नाही. खाली हात फिरवून बघा, खरखरीत लागली तर परत बोलवा.

किचनच्या शटरला पेंट करायचा असेल तर गुळगुळीत एमडीएफ किंवा एचडीएचएमआर म्हणजे ओलावा जास्त सोसणारा घट्ट बोर्ड चांगला, प्लायवर थेट पेंट केला तर काही वर्षांत त्याच्या विनिअरच्या रेषा पेंटमधून वर दिसायला लागतात, विशेषतः गडद ग्लॉसीत. तुमची कारकास म्हणजे आतले बॉक्स मजबूत असतील तर ते ठेवा आणि फक्त शटर नवे करा, खर्च आणि धूळ दोन्ही वाचतं. बाकी कोणाच्या घरी जुने सागवानाचे शटर असतील, पुण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये असतात, त्यांनी त्यावर पांढरा मारायच्या आधी पीयू सीलर किंवा लाखेचा सीलर मारून घ्यावा, नाहीतर सागातला तपकिरी रंग पांढऱ्यातून डाग होऊन वर येतो, वर कितीही कोट मारा, येतच राहतो. खरं सांगू का, चांगल्या सागवानावर पांढरा मारताना माझा हात जड होतो, त्याला पॉलिश करा की.

तुमच्या मरून सनमायकावर पेंट होतो का, तर होतो, पण अटी आहेत. कडा उचकटलेल्या नकोत, आतून फुगलेलं नको, नखाने टोकून बघा, पोकळ आवाज आला की ते शटर बाद. ठीक असेल तर आधी तेल काढायचं, गरम पाण्यात भांड्यांचं लिक्विड आणि थोडा धुण्याचा सोडा, मग दोनदा साध्या पाण्याने पुसून पूर्ण सुकवायचं. हे पॉलिश पेपर मारायच्या आधी करायचं, नंतर नाही, कारण तेलावर पेपर मारला की तेल त्या ओरखड्यांत जाऊन बसतं आणि पेंट तिथून माशाच्या डोळ्यासारखा फाटतो. मग २२० चा पेपर मारून सगळी चकाकी घालवायची, सनमायकाला धरणारा बाँडिंग प्रायमर, खाचा-खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी, ३२० चा पेपर, परत प्रायमर, ४०० चा, आणि मग रंगाचे दोन कोट. ज्याने सनमायकावर थेट ऑइल पेंट मारतो म्हणून सांगितलं त्याला चहा पाजून पाठवून द्या, तो पेंट सालीसारखा निघतो. आणि फॉइलचे म्हणजे पीव्हीसी मेंब्रेनचे शटर असतील तर त्यावर पेंट नकोच, गॅसजवळ उष्णतेने फॉइलच सुटतं, पेंट कशाला धरून राहणार.

तुमचं बाथरूमचं जुनं कपाट घासायच्या आधी एक गोष्ट. आपल्याकडे घरगुती पेंटमध्ये शिशाची ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खास करून झगझगीत पिवळा, केशरी, हिरवा असेल तर, शिसं असायची शक्यता बरीच असते. तुमचं वरून पांढरं दिसतंय पण खाली जुने थर कुठले आहेत ते माहीत नाही. म्हणून कोरडं घासू देऊ नका, पाणी पेपरने ओलं घासायचं, लहान मुलं तेवढे दिवस दुसरीकडे, आणि निघालेला गाळ झाडूने न झाडता ओल्या फडक्याने उचलायचा. त्या शिशाच्या पिवळ्याला झाकायची ताकद जबरदस्त होती हे पण खरं, आताचे पिवळे-लाल तितके झाकत नाहीत, म्हणून रंगारी पिवळ्याला एक कोट जास्त मागतो तेव्हा तो दरवेळी फसवतच असतो असं नाही.

काम कधी करायचं, तर पावसाळ्यात नाही. जुलैमध्ये ठाण्या-मुंबईच्या हवेत एनसीवर पांढरी धुरी येते आणि पीयूचा हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच रिॲक्ट होऊन बारीक बुडबुडे, टाचणीएवढी भोकं पडतात, मग रंग कितीही टिकाऊ असो, पाणी तिथून आत जातं. दसरा-दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच हवं असतं, रंगारी चार घरं एकदम धरतो आणि कोटमधला वेळ खातो, त्यामुळे घाई नसेल तर दिवाळी झाल्यावर ते फेब्रुवारीपर्यंत करा. आणि शटर काढून वर्कशॉपला नेऊनच स्प्रे करून घ्या, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याच्या फवाऱ्याने दमा होऊ शकतो, बंद फ्लॅटमध्ये राहत्या घरात तो फवारा उडवणं बरोबर नाही, आणि फवारणाऱ्या पोराला पण नुसता रुमाल नाही, फिल्टरची काडतुसं लावलेला मास्क पाहिजे. वाळल्यासारखा दिसला म्हणून लगेच वापर सुरू करू नका. पीयूला पुरता कडक व्हायला आठवडा धरा, इनॅमलला तीन-चार आठवडे, तोपर्यंत ओल्या फडक्याने घासायचं नाही आणि शटरवर काही चिकटवायचं नाही, हूक नाही, स्टिकर नाही, गणपतीचं तोरण पण नाही.

चकाकीचं झटपट सांगतो, साटिन. ग्लॉसीत बोर्डाची प्रत्येक लाट आणि चरा दिसतो, एकदम मॅट तेल धरतो आणि घासला की चमकतो. साटिनला मधे राहून दोन्हीचा त्रास कमी. तुम्हाला पटत नसेल तर फक्त वरच्या कपाटांना मॅट करा, तिथे हात कमी लागतो.

शेड पक्की करताना दुकानातल्या उजेडात करू नका. कार्डावरच्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकोनावरून तर अजिबातच नाही. शटरच्याच बोर्डावर फूटभराचा तुकडा त्याच पेंटमध्ये, त्याच चकाकीत मारून मागा, आणि तो ओट्याच्या ग्रॅनाइटला टेकवून उभा करा, सकाळी बघा आणि रात्री तुमच्या ट्यूबलाइटमध्ये बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनचा पांढराफेक उजेड असतो, त्यात राखाडी निळा दिसतो आणि क्रीम हिरवट होतं, तेच ३००० केल्विनच्या पिवळ्या लाइटमध्ये सगळं उबदार. लाइट बदलणार असाल तर आधी लाइट बदला, मग शेड ठरवा. आणि टाइल्सकडे पण बघा, बिल्डरने लावलेल्या आयव्हरी टाइलच्या शेजारी शुभ्र पांढरं शटर लावलं की टाइल मळकी वाटायला लागते, तिथे पांढऱ्यापेक्षा क्रीम घ्या, रॅल १०१३ सारखा.

टिकाऊपणात एक गोष्ट लोक धरतच नाहीत, ती म्हणजे नंतर दुरुस्ती होते का. कुठल्यातरी शटरला कुकर लागणार, मुलं सायकल आपटणार, ते धरूनच चाला. म्हणून शेड अशी घ्या जिचा नंबर आहे, रॅलचा किंवा कंपनीच्या कार्डाचा. रंगाऱ्याने चार डबे मिसळून "स्पेशल" बनवलेली शेड परत कधीच मिळत नाही, तो स्वतः पण परत बनवू शकत नाही. डब्यावरचा कोड, बॅच आणि चकाकीची टक्केवारी यांचा फोटो काढून ठेवा. आणि ब्रशने टचअप करायचा मोह टाळा, पीयूवर ठिगळ दिसतं, ते अख्खं शटर काढून परत स्प्रे करावं लागतं, एकाच शटरचं काम असतं म्हणून फार महाग पडत नाही. यात पण मधले मळकट रंग सोपे जातात, पाच वर्षं जुन्या शुभ्र पांढऱ्याच्या शेजारी नवीन पांढरं शटर लावून बघा, दोन्ही ओरडून सांगतात की आम्ही वेगळे आहोत.

पुसायला मऊ मायक्रोफायबर, कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्यांचं लिक्विड, आठवड्यातून एकदा, गॅसच्या आजूबाजूला रोज. हिरवी घासणी, तारेची घासणी, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही नको, आणि हे कामवाल्या मावशींना तुम्ही स्वतः दाखवा, नुसतं सांगून होत नाही.

तर तुमच्या घरापुरतं: सनमायकाचे शटर ठोकून बघा, अर्ध्याहून जास्त ठणठणीत असतील तर तेच प्रायमर मारून वापरा, नाहीतर एचडीएचएमआरचे नवे करा. खालच्या ट्रॉल्या धुरकट हिरव्या, वरची कपाटं आणि माळ्याची दारं क्रीम, दोन्ही साटिन, नॉन-यलोइंग हार्डनरचा पीयू. तुमचा नेव्ही अगदीच सोडवत नसेल तर तो गॅस आणि सिंकपासून लांबच्या उंच कपाटाला किंवा हॉलमधल्या क्रोकरी युनिटला द्या. बेसिनखालचं कपाट कुठल्या बोर्डाचं आहे ते बिजागराच्या भोकातून बघा, भुसा दिसला तर रंगाचा विषय सोडून नवीन लटकतं करा, प्लाय दिसला तर ओलं घासून, कडा सील करून फिका राखाडी. पॉलिशवाल्याचं कोटेशन आलं की त्यात हार्डनरचं नाव, प्रायमरचे कोट, रंगाचे कोट आणि मागची बाजू-कडा धरल्यात का हे चार मुद्दे लिहिलेत का ते आधी बघा, आणि ओट्याचा, टाइलचा दिवसाचा एक आणि रात्रीचा एक असे फोटो टाका, त्यावरून हिरव्यात कुठली शेड जाईल ते सांगतो.